तांब्याचा अर्थ

"आणि मग तो ठिपका कुठे जातो म्हणालास?"

"डोंगरावर, चाचा."

"आणि बोट?"

"बोट खाडीतच असते. ठिपका डोंगरावर जातो."

हसनचाचा मुकादम यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पुढे काही विनोद आहे का, याची थोडी वाट पाहिली.

पुढे विनोद नव्हता. सर्वेश चोगले चाचांच्या कड्यावरच्या घराच्या ओट्याच्या कडेला बसला होता. त्याच्या मांडीवर त्याच्या थोरल्या भावाचा फोन होता आणि फोनच्या नकाशात एक निळा ठिपका होता. तो ठिपका आत्ता या ओट्यावर असायला हवा होता. पण तो मागच्या डोंगराची अर्धी चढण चढून गेला होता आणि अजून चढतच होता.

सर्वेश हा मोबाईल दुरुस्त करणारा माणूस. तालुक्याच्या बाजारपेठेत त्याचं दुकान. पुण्यात राहून तो भिंगाखालचं काम शिकून आला होता. तांदळाच्या कणीहून बारीक भाग चिमट्याने उचलून जागच्या जागी बसवणारा त्याचा हात पंचक्रोशीत नावाजलेला होता, आणि पंचक्रोशीत कुणाला हे ठाऊक नसेल तर तो स्वतःच सांगायचा. असा माणूस दुसऱ्याच्या ओट्यावर फोन घेऊन बसला होता, यावरून काय ते समजा.

त्याला इथे पाठवलं होतं वहिनीने. वहिनी गेल्या आठवड्यापासून त्याच्याशी धड बोलत नव्हती. आज सकाळी बोलली ते एवढंच, "मार्कोनीकडे जा."

मार्कोनी म्हणजे हसनचाचाच. चाचांची उमर गेली ती परदेशी मालवाहू जहाजांवर, वायरलेसच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. त्या खोलीत बसणाऱ्याला जहाजावर सगळे मार्कोनी म्हणत. चाचा निवृत्त होऊन केळबंदरला परतले, त्यांच्या मागोमाग ते नावही आलं आणि इथेच राहिलं.

वहिनीच्या रागाचं कारण खाडीच्या तोंडाशी होतं. तिथे पाण्याखाली एक खडक आहे. त्याचं नाव सासू. भरतीत ती दिसत नाही आणि सापडली की सोडत नाही, म्हणून सासू. नारळी पौर्णिमेनंतर बोटी पहिल्यांदा निघाल्या त्या दिवशी समुद्रावर धुकट होतं. सर्वेशचा भाऊ काशिनाथ त्याच्या बोटीचा तांडेल. सुकाणू त्याच्याच हातात होतं आणि समोर हा फोन होता. फोन म्हणत होता, सासू लांब आहे.

सासू लांब नव्हती. बोटीच्या तळाची फळी फाटली. माणसं बादल्यांनी पाणी उपसत कशीबशी धक्क्याला लागली. सगळी परतली, हे नशीब.

फोन सर्वेशनेच दुरुस्त करून दिला होता. सासूच्या आसपास गेलं की फोनने शीळ घालावी, ही सोयही त्यानेच करून दिली होती. त्या दिवशी शीळ वाजली ती बोट धक्क्याला लागल्यानंतर, दोरखंड बांधून झाल्यावर.

आता फळी बदलून झाली होती. आज संध्याकाळच्या भरतीला काशिनाथ पुन्हा निघणार होता. धक्क्यावरचे लोक म्हणाले, दुसऱ्या कुणाचा फोन घे. काशिनाथ म्हणाला, "सर्वेशाचा हात लागलाय ना त्याला? मंग झाला."

हे ऐकलं आणि सर्वेश जेवण तसंच टाकून इथे आला होता.

"काय काय केलंस?" चाचांनी विचारलं.

या प्रश्नाची सर्वेश वाटच पाहत होता. तो सावरून बसला आणि सांगू लागला. फोन समुद्राच्या पाण्यात भिजला होता, डिस्प्ले गेला होता. नवा टाकला. कंपनीचा नाही मिळाला, पण दिसायला हुबेहूब तोच. मग ठिपका भटकायला लागला. म्हणून अँटेना बदलली. मग अँटेनाला एक जास्तीची तार जोडली. मग अँटेनाच्या वाटेवर बूस्टर बसवला, मुंगीएवढा, भिंगाखाली, असलं काम जिल्ह्यात कुणी करत नाही. त्याचा व्हिडिओसुद्धा टाकला होता, लोकांनी वाहवा केली. मग तांब्याची पट्टी…

"काढलंस काय?"

"काढलं?"

"लावलंस ते सांगितलंस. काढलंस काय?"

सर्वेशला आठवावं लागलं. "चिपांवर पत्र्याचं एक झाकण होतं. खाऱ्या पाण्याने गंजलेलं. ते काढून टाकलं आणि त्या जागी तांब्याची पातळ पट्टी चिकटवली. चाचा, झाकणापेक्षा चांगली दिसते. दाखवू?"

चाचा उत्तर देणार होते. पण त्यांची नजर भिंतीकडे गेली आणि त्यांनी नुसतं बोट वर केलं.

"दाखवतो ना, उघडायला काही वेळ…"

बोट वरच होतं.

"चाचा, भरतीच्या आधी मला…"

…

भिंतीवर एक पितळी घड्याळ होतं. जहाजावरचं असावं. त्याच्या तबकडीवर, समोरासमोर, लाल रंगाच्या दोन फाकी रंगवलेल्या होत्या, कलिंगडाच्या कापासारख्या. मिनिटकाटा त्यातल्या एका फाकीत शिरला होता. म्हातारा डोळे मिटून बसला होता.

सर्वेश मनातून चरफडला. भाऊ तिकडे जाळी चढवत असेल आणि इथे हा ध्यान लावून बसलाय. चुकीच्या माणसाकडे आलो, असं त्याला स्पष्ट वाटलं.

…

काटा लाल फाकीतून बाहेर पडला. चाचांनी डोळे उघडले.

"नमाजाची वेळ होती का?" सर्वेशने शक्य तितक्या अदबीने विचारलं.

"नाही रे. नमाजाची वेळ मला घड्याळ बघून कळत नाही, गुडघे सांगतात." चाचा हसले. "ही जहाजांची वेळ. काटा लाल फाकीत आला की जगातल्या प्रत्येक जहाजावरच्या मार्कोनीने पाठवणं बंद करायचं. कितीही महत्त्वाचं असो. मालकाचा निरोप असो, बाजारभाव असो, कुणाला मुलगा झालेला असो. बंद. नुसतं ऐकायचं."

"काय ऐकायचं?"

"कुणी बुडतंय का."

सर्वेश ओट्यावर थोडा पुढे सरकला.

"बुडणाऱ्याची बॅटरी संपत आलेली असते. त्याचा आवाज बारीक. आपण सगळे बोलत राहिलो तर तो कुणालाच ऐकू जाणार नाही. म्हणून दर अर्ध्या तासाला सगळा दर्या गप्प बसायचा." चाचांनी घड्याळाकडे पाहिलं. "आता ती पद्धत गेली. मशिनं आली. मला सवय राहिली."

"तुम्हाला कधी ऐकू आलं?"

"एकदा."

"वाचले ते?"

चाचांनी समुद्राकडे पाहिलं.

"…ऐकू आलं," ते म्हणाले.

ते एवढं हळू म्हणाले की पुढचं विचारण्याची सर्वेशची छाती झाली नाही. मघाशी आपण या माणसावर चरफडलो याची त्याला लाज वाटली. त्याने घड्याळाकडे पुन्हा पाहिलं. साऱ्या पृथ्वीवरची जहाजं, रात्र असो दिवस असो, एकाच वेळी तोंड मिटून कान देऊन बसली आहेत, हे त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

"तुझ्या फोनला रस्ता सांगणारे वर आहेत," चाचा म्हणाले. "ते केवढ्याने बोलतात, ठाऊक आहे?"

"सॅटेलाईट? मोठं मशीन असेल, चाचा. जोरात असणार."

"एखाद-दुसऱ्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी ताकद. आपल्या पडवीत असायचा तसला."

"बल्ब?"

"वीस हजार किलोमीटरवर टांगलेला. आणि उजेड पाडायचाय अर्ध्या पृथ्वीवर. तुझ्या फोनपर्यंत त्यातलं किती येत असेल?"

चाचांनी चिमूट धरली, सर्वेशच्या डोळ्यांसमोर नेली आणि उघडली. चिमटीत काही नव्हतं.

"एवढं."

…

"फोनच्या आत स्वतःची जी खरखर असते ना, तिच्याही खाली तो आवाज असतो. खाली, पोरा. बुडालेला."

"मग फोनला ऐकू कसा येतो?"

"जत्रेच्या गर्दीत तुझ्या आईने तुला हाक मारली, तर तुला काय सगळे शब्द ऐकू यायचे?"

"नाही. नुसता सूर यायचा."

"पण वळायचास ना?"

"वळायचो."

"वरचा काय सूर लावणार हे फोनला आधीपासून पाठ असतं. तो त्या सुराची वाट बघत असतो. अट एकच, शेजारी कुणी बोंबलत नसावं."

सर्वेशने ओट्याच्या पत्र्याबाहेर मान काढून वर पाहिलं. ढग होते, दोन घारी होत्या, बाकी काही नव्हतं. त्याने आजवर किती फोन उघडले असतील याची गणती नव्हती. त्यातला प्रत्येक फोन असा आभाळाकडे कान लावून बसलेला होता आणि आपण त्याचे स्क्रू मोजत होतो. वरून कुणीतरी अखंड, दिवसरात्र, तू कुठे आहेस हे ऐकवत होतं, आणि ते त्या रिकाम्या चिमटीएवढं होतं. सर्वेशला एकदम फार लहान वाटलं आणि त्या लहान वाटण्यात कसलंही वाईट वाटणं नव्हतं.

चाचा आत गेले आणि एक जुना ट्रान्झिस्टर घेऊन आले. दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी त्यांनी काटा आणून ठेवला. नुसती बारीक फुसफुस येत होती, चुलीवर पाणी तापायला लागल्यासारखी.

"फोन चालू ठेव. खाली ठेव."

त्यांनी ट्रान्झिस्टर फोनजवळ आणला आणि तो किंचाळला.

सर्वेश दचकून मागे सरकला. ट्रान्झिस्टर घरघरत होता, कोकलत होता, मधूनच शिट्ट्या मारत होता. फोन मात्र शांतपणे नकाशा दाखवत पडला होता. त्यातला निळा ठिपका डोंगराचा माथा ओलांडून पलीकडच्या गावात उतरायला निघाला होता.

"हे… हे सगळं फोनातून येतंय?"

"माझ्या घरात दुसरं कोण एवढं बोलतं?"

तेवढ्यात हात न लावल्यामुळे फोनचा पडदा आपोआप काळा झाला. ट्रान्झिस्टरचा आवाज जागच्या जागी मेला. खालून लाटांचा आवाज ऐकू येऊ लागला. तो मघापासून येतच असणार.

सर्वेशचा हात सवयीने फोनकडे गेला. चाचांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब."

…

"अजून थांब."

…

"आता उघड."

सर्वेशने पडदा उजळला. निळा ठिपका ओट्यावर होता. बरोबर ओट्यावर, विहिरीच्या डाव्या अंगाला, जिथे तो मांडी घालून बसला होता तिथेच. एक श्वास घेईपर्यंत तो तिथे राहिला. मग थरथरला, सरकला आणि डोंगराच्या वाटेला लागला.

सर्वेशने घाईघाईने पडदा बंद केला. वाट पाहिली. उघडला. ठिपका ओट्यावर. थरथर. डोंगर.

त्याने तिसऱ्यांदा करून पाहिलं. तिसऱ्यांदाही तेच.

"याला माहीत आहे," तो पुटपुटला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "आपण कुठे आहोत ते याला माहीत आहे, चाचा. अंधारात याला बरोबर माहीत असतं. आपण बघायला गेलो की हा विसरतो."

चाचांनी ट्रान्झिस्टर उचलून मांडीवर घेतला.

"म्हणजे दोष डिस्प्लेचा. मीच टाकला होता. नकली निघाला."

"डिस्प्ले आहे, तो बोलणारच. थोडा जास्त बोलतो, एवढंच. पण तो एवढा कोकलत नसतो." चाचांनी त्याला फोनचं मागचं झाकण उघडायला लावलं आणि पडदा चालू ठेवून ट्रान्झिस्टर हळूहळू फोनवरून फिरवला. कडेला घरघर होती. मध्ये घरघर होती. तांब्याच्या चकचकीत पट्टीवर आला तसा तो असा काही बोंबलला की विहिरीवरचे कावळे उडाले.

चाचांनी ट्रान्झिस्टर बंद केला.

"तुझ्या या तांब्याला अर्थ आहे का काही?"

सर्वेशचे कान तापले. एवढं नम्र होऊन बसल्यावर हे ऐकायचं म्हणजे फार झालं.

"अर्थ नाही कसा?" तो उसळला. "चाचा, विचार करून लावलंय ते. पुण्यात आमचे सर हेच लावायचे. गोंगाट अडवायला तांबंच लावतात. तुमच्या काळात नसेल, म्हणून काय त्याला अर्थच नाही? मी काय शोभेला लावलं?"

"मी कुठे म्हटलं शोभेला?"

"मग अर्थ आहे का म्हणून का विचारता?"

"आहे का म्हणून विचारतो." चाचांचा चेहरा अगदी भाबडा होता. "अर्थ. अर्थ रे. जमिनीची तार. जहाजात ती थेट लोखंडी सांगाड्याला जोडायचो."

…

"ग्राउंड?" सर्वेश म्हणाला.

"तुम्ही ग्राउंड म्हणत असाल. आम्ही अर्थ म्हणायचो."

सर्वेशला हसू आलं. मग ते हसू अर्ध्यावर थांबलं. त्याने पिशवीतून मीटर काढलं, एक टोक तांब्याला लावलं आणि दुसरं बोर्डाच्या ग्राउंडला. दोन्ही जोडलेली असती तर मीटरने शिटी दिली असती.

मीटर गप्प होतं.

त्याने दुसरी कड तपासली. तिसरी. मीटरने तोंड उघडलं नाही. पट्टी चिकटवली होती ती तिच्या पाठच्या गोंदावर, आणि बोर्डावरच्या रोगणावर. दिसायला अशी चपखल बसली होती की तपासावं असं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. डिस्प्लेचा आरडाओरडा ती पोटात घेत होती. तो जमिनीत सोडून द्यायला तिला वाट नव्हती, म्हणून तिथल्या तिथे पुन्हा बाहेर फेकत होती, अँटेनाच्या अगदी कानाशी. आणि अँटेनाच्या वाटेवर बसलेला त्याचा लाडका बूस्टर तो ओरडा आणखी मोठा करून आत पाठवत होता.

"अर्थ नाही, चाचा," तो म्हणाला. "तांब्याला अर्थच नाही."

"काढू नकोस. त्याचा काय दोष? जोडून दे."

चाचांनी आतून आपला जुना जाडजूड सोल्डरिंग आयर्न आणला. सर्वेशने तो आदराने बाजूला ठेवला आणि पिशवीतला आपला बारीक काढला. सुईने रोगण खरवडलं. खाली धातू लखलखला. तांब्याची कड तिथे टेकवून त्याने टाका घातला. चाचा ट्रान्झिस्टर पुन्हा चालू करून शेजारी धरून बसले होते. पहिल्या टाक्याला बोंब उतरली. पुढच्या टाक्यांना आणखी उतरली. सगळ्या बाजूंनी पट्टी जोडून झाल्यावर नुसती घरघर राहिली.

मग त्याने जास्तीची तार काढली.

मग बूस्टर राहिला. चिमटा हातात घेऊन सर्वेश त्याच्याकडे पाहत बसला. एवढं बारीक काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. त्याने चाचांकडे पाहिलं. चाचा विहिरीकडे पाहत होते, जणू त्यांचा या प्रकरणाशी संबंधच नाही.

त्याने बूस्टर उचलला. तो चिमट्याच्या टोकावर क्षणभर दिसला आणि ओट्यावरच्या धुळीत पडून दिसेनासा झाला. अँटेनाची मूळची वाट त्याने एका बारक्या टाक्याने पुन्हा सांधली.

ट्रान्झिस्टर फुसफुसत होता. चुलीवर पाणी तापायला लागल्यासारखा, बस, तेवढाच.

सर्वेशने फोनचं मागचं झाकण बसवलं आणि पडदा उजळला. ठिपका डोंगरावर होता. मग तो डोंगरावरून उतरला, माळ ओलांडून आला आणि ओट्यावर येऊन थांबला.

सर्वेश बघत राहिला. ठिपका हलला नाही.

तो उठला आणि विहिरीपर्यंत चालत गेला. ठिपका विहिरीपर्यंत आला. तो कड्याच्या टोकाशी गेला, ठिपकाही गेला. तो थांबला की थांबायचा. खाली समुद्र होता, वर ढग होते. त्या ढगांपलीकडून येणारं ते चिमटीतलं काहीच नाही त्याच्या तळहातावर येऊन पोचत होतं, आणि तो एक पाऊल टाकत होता तेसुद्धा त्याला कळत होतं. सर्वेशच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही, कारण हात फोन धरण्यात गुंतले होते.

"चाचा!" तो कड्यावरून ओरडला. "चाचा, आला! राहिला!"

"मला ऐकू येतं. ओरडू नकोस."

तो ओट्यावर धावत परत आला, तोच त्याच्या खिशातला त्याचा स्वतःचा फोन वाजला. काशिनाथचा होता. धक्क्यावरच्या कुणाचा तरी घेऊन लावला होता.

"दादा! झालं! अरे काय सांगू तुला, फर्स्टक्लास झालं, आता बघच तू, मी असं केलं की…"

चाचांचं बोट वर झालं.

सर्वेशने भिंतीकडे पाहिलं. मिनिटकाटा दुसऱ्या लाल फाकीत शिरत होता.

त्याने तोंड मिटलं.

…

पलीकडे काशिनाथही गप्प होता. धाकटा भाऊ बोलत असताना आपण थांबायचं, ही त्याची जुनी सवय. फोनमधून धक्का ऐकू येत होता. कुणीतरी बर्फासाठी हाका मारत होतं, इंजिन गुरगुरत होतं, पक्षी कलकलत होते. त्या सगळ्याखाली काशिनाथचा श्वास होता. सर्वेशने तो याआधी कधी ऐकला नव्हता.

…

"सर्वेशा," काशिनाथ म्हणाला. "मना तो खडक दिसलेला."

…

"लाट फुटत होती त्याच्यावर. पांढरा दिसला. सुकानू फिरवनारच होतो मी. मंग फोनान बघितला. ठिपका लांब होता." तो थांबला. "बोललो, डोलं चुकतील, सर्वेशा नाय चुकनार. त्याचा हात लागलाय."

…

सर्वेशने ओट्याचा खांब धरला. वडील गेल्यावर या माणसाने त्याला खांद्यावर घेऊन शाळेत सोडलं होतं, पुण्याला पाठवताना स्वतःची जाळी विकली होती. आठवडाभर सर्वेश त्याला एकच गोष्ट सांगत होता, की सॅटेलाईटवाल्यांचा घोळ आहे, वरूनच सिग्नल बिघडलाय. काशिनाथ मान डोलवत होता. आणि हे एवढं वाक्य आठवडाभर त्याच्या पोटात होतं, सर्वेश बोलायचा थांबेल याची वाट बघत.

काटा लाल फाकीतून बाहेर पडला. सर्वेश तरी लगेच बोलला नाही.

"दादा," तो मग म्हणाला. "वरचा दोष नव्हता. माझी चूक होती. मी लावलेलंच ओरडत होतं."

"…बरा."

"दादा, तुझे डोळे बरोबर होते."

"बरा रं. आता सुधरला ना? मंग झाला. घेऊन ये, पानी चढतंय." काशिनाथने फोन ठेवला.

सर्वेश उभाच राहिला. खाली खाडी खरंच भरत चालली होती. तोंडाशी सासूवर फुटणारी पांढरी लाट कड्यावरून अजून दिसत होती. थोड्या वेळाने ती दिसली नसती.

"चाचा," तो वळून म्हणाला. "तो पुन्हा फोनातच बघणार. मघापर्यंत फोन चुकत होता, आता तर बरोबर झालाय. आता तो समोर बघणारच नाही. बॅटरी जाईल, पुन्हा पाणी शिरेल, काही होईल, आणि हा ठिपक्याकडे बघत सासूवर जाईल. माझा हात लागलाय म्हणून जाईल." तो थांबला. "देऊ तरी कसा हा फोन त्याला? की देऊच नको?"

चाचांनी हात पुढे केला. सर्वेशने भावाचा फोन त्यांच्या हातात दिला.

पडदा उजळलेला होता. निळा ठिपका ओट्यावर स्थिर होता. चाचांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि त्या ठिपक्याकडे बराच वेळ पाहिलं, एखाद्या ओळखीच्या जहाजाकडे पाहावं तसं.

मग त्यांनी कडेचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. तो काळा फोन त्यांनी सर्वेशच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं त्यावर मिटवली.

"शीळ घालायला याला उजेड लागत नाही, आणि समोर बघायला काशिनाथचे डोळे आहेत. असाच दे."